वरचे दोन सेंटिमीटर

थंड खोलीच्या दाराला फ्रिजसारखं रबर होतं. ते लागलं की बाहेरचे आवाज एकदम तुटायचे. उपासना मेश्रामला गेल्या वर्षभरात हे आवडायला लागलं होतं. आत बाराही महिने चार अंश. बाहेर शिकागोकडचा जानेवारी असला की आत आल्यावर उलट ऊब वाटायची. तरी थोड्या वेळानं बोटांची टोकं जायचीच. आधी दुखायची, मग दुखायची थांबायची. थांबली की तिला खरं काम सुरू झाल्यासारखं वाटायचं.

खोलीत लोखंडी मांडण्या होत्या आणि मांडण्यांत उभ्या नळ्या. दंडाएवढ्या जाड, प्लॅस्टिकच्या, दोन्ही तोंडांना बूच लावून चिकटपट्टीनं गुंडाळलेल्या. प्रत्येक नळीत कुठल्या ना कुठल्या समुद्राच्या तळाचा चिखल, तळाशी होता तसाच, थरावर थर. त्यांची राखण हे उपासनाचं काम. विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत तिला सगळे लॅब मॅनेजर म्हणत. नागपूरला फोनवर सांगताना ती म्हणायची, चिखलाच्या कोठीची किल्ली माझ्याकडे आहे.

शेवटच्या मांडणीत एक पांढरट, आरपार न दिसणारी नळी होती. वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून तिच्यावर काळ्या मार्करनं बाण काढलेला होता आणि बाणाचं टोक जरा डावीकडे झुकलेलं होतं. कुशलचे सगळे बाण डावीकडे झुकायचे. भिंतीवर खिळा ठोकायचा असला तरी त्याची खूण तशीच.

ही नळी उघडायची नाही. गेल्या वर्षभरात उपासनाला नक्की माहीत असलेली ही एकच गोष्ट होती.

ती नागपूरच्या इंदोऱ्यातली. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून एका कॉलेजात शिकवत होती तेव्हा कुशलचं स्थळ आलं. अमेरिकेत आहे, समुद्रावर काम करतो, एवढंच मध्यस्थांना सांगता आलं होतं. लग्न होऊन ती इकडे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. काही वर्षं तिनं नेपरव्हिलच्या घरात बसून खिडकीतून शेजाऱ्यांच्या गाड्या जाता-येताना पाहिल्या. मेत्ता झाली, चालायला लागली. मग कामाची परवानगी आली आणि उपासना याच प्रयोगशाळेत अर्धा दिवस काचेची भांडी धुवायला लागली. तिथून पुढे एकेक यंत्र तिच्या हाताखाली आलं.

कुशल जहाजावरचा माणूस. संशोधकांच्या मोहिमांबरोबर जायचं आणि तळातला चिखल नळीनं काढून आणायचा, हा त्याचा व्यवसाय. समुद्रापासून इतक्या लांब वाढलेल्या माणसानं हे काम का धरलं, याचं उत्तर तो प्रत्येकाला वेगळं द्यायचा. मराठी मंडळींच्या जेवणात कुणी त्याला नेमकं काय करतोस म्हणून विचारलं की तो वाटी पुढे ओढायचा.

हिमनदी म्हणजे जातं आहे, तो सांगायचा. खालचा डोंगर दळते. ते दगडाचं पीठ पाण्याबरोबर फ्योर्डमध्ये येतं, म्हणजे डोंगरांच्या मध्ये आत शिरलेल्या खोल, अरुंद खाडीत. खाडीत बारीक शेवाळ असतं. ते कार्बन घेऊन वाढतं, मरतं, तळाला जातं. त्याच्यावर हे पीठ भराभर पडत राहिलं की ते दबतं, कुजत नाही. त्यातला कार्बन हवेत परत जात नाही, हजारो वर्षं तिथेच राहतो.

"लोणच्यावर तेल असतं ना काकू, तसं," तो शेजारच्या काकूंना म्हणाला होता. "तेल कमी पडलं तर काय होईल?"

"बुरा येईल," काकू म्हणाल्या.

"येईल का, आणि किती, तेच बघायला सरकार मला जहाजात बसवतं."

सगळे हसले होते. मग त्यानं उरलेलं सांगितलं, तेव्हा अर्धे लोक ताटं उचलून सिंककडे गेले होते. हिमनदी मागे हटतेय. तिचं तोंड अजून बरंचसं समुद्रात आहे, एका बाजूनं तेवढं जमिनीवर चढायला लागलंय. तिच्या तळातून सुटलेलं गोडं पाणी वर उसळताना खोलातलं खत वर आणतं, शेवाळाला खायला मिळतं. उद्या ती सगळीच जमिनीवर सरकली की ही उसळी बंद, आणि पीठही लांबून, नदीनं, कमी कमी येणार. त्या बदलाची खूण नळीत कुठे असते, तर अगदी वर. गेल्या दहा-पंधरा वर्षांचा चिखल वरच्या दोन सेंटिमीटरमध्ये मावतो. "खाली सगळा इतिहास," तो म्हणायचा. "बातमी वरच असते."

जहाजावर त्याची ओळख होती ती दुपट्ट्यावरून. नागपूरला उन्हाळ्यात डोक्याला, तोंडाला गुंडाळतात तसला सुती दुपट्टा, पांढरा, निळ्या काठाचा, सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेला. ग्रीनलंडच्या वाऱ्यात तो हेल्मेटखाली दुपट्टा बांधायचा. बाकीचे लोकरीच्या टोप्यांतून त्याच्याकडे बघायचे आणि त्याला ममी म्हणायचे. पंचेचाळीस डिग्रीला चालतो तो शून्याला का नाही चालणार, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आईनं, शीलाबाईंनी, त्याचा काठ एकदा उसवला तेव्हा हातानं शिवून दिला होता.

त्याच्या शेवटच्या मोहिमेवरून तो सप्टेंबरात परतला. नळ्या जहाजानं मागाहून आल्या. जानेवारीत एका सकाळी तो गाडी काढायला म्हणून दारातला बर्फ ओढायला गेला. उपासना डबे भरत होती. फावड्याचा खरखर आवाज येत होता, मग येईनासा झाला. तिला वाटलं, झालं याचं. तिनं दुसरा डबा भरला, झाकण लावलं.

बर्फ ओढता ओढता त्याचं हृदय थांबलं होतं. त्यानंतरचं तिनं सगळं केलं. फोन केले, सह्या केल्या, मेत्ताला शाळेतून आणलं. अंत्यसंस्काराच्या जागी विद्युतदाहिनीसारखी भट्टी होती. तिथल्या बाईनं अदबीनं विचारलं, घरच्यांपैकी कुणाला बटण दाबायचंय का. उपासना नाही म्हणाली. शेजारच्या अनिलकाकांनी दाबलं. घरी वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, लोक डबे घेऊन आले, रिकामे डबे घेऊन गेले. लोक म्हणाले, खंबीर आहे. ती खंबीर नव्हती. थंड खोलीत बोटांचं होतं तसं काहीतरी झालं होतं, आणि ती त्याला हात लावत नव्हती.

शीलाबाईंनी फक्त एक मागितलं होतं. "त्याचा दुपट्टा ठेवजो बाई. एवढाच पाठव मले."

उपासनानं कपाट बघितलं, बॅगा बघितल्या, गाडीची डिकी बघितली. मेत्ताच्या खोलीतही बघितलं, ती शाळेत असताना. दुपट्टा कुठेच नव्हता. शोधते, असं ती दर रविवारी सांगायची. काही रविवारांनंतर शीलाबाईंनी विचारणं सोडलं.

कुशल गेल्यापासून स्वतःच्या दारातला आणि उपासनाच्या दारातला बर्फ अनिलकाकाच यंत्रानं काढायचे. न विचारता यायचे, न सांगता जायचे.

नेत्रा पुण्याची, याच प्रयोगशाळेत पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला. कुशलची ती नळी जिथून आली त्याच फ्योर्डवर तिचा प्रबंध होता. खाडीच्या बाकीच्या नळ्या उघडून, वाळवून, मोजून झाल्या होत्या. पण हिमनदी जमिनीवर चढली ती खाडीच्या एकाच बाजूला, आणि त्या बाजूची ही एकच नळी होती. परत जाऊन दुसरी आणावी तर तिथे आता डोंगरच ढासळून पाण्यात आला होता. नेत्रानं वर्षभरात नळीचं नाव काढलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मार्गारेट यांनीही काढलं नव्हतं. कामाच्या फळ्यावर त्या नळीच्या पुढची जागा कोरी राहायची आणि सगळे कोऱ्या जागेच्या पलीकडचं वाचायचे.

मग थंड खोलीचं यंत्र म्हातारं झालं. ते बदलायचं नाही, खोली बंद करायची, सगळ्या नळ्या ट्रकनं दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या कोठारात पाठवायच्या, असं वरून ठरलं. फेब्रुवारीअखेर ट्रक येणार होता. कोठाराच्या रांगेत लागलेली नळी परत हाती यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, हे सगळ्यांना माहीत होतं. नेत्राकडे एवढा वेळ नव्हता.

ती दुपारी उपासनाच्या टेबलापाशी आली आणि उभीच राहिली.

"ताई, तुम्ही नाही म्हणालात तर मी तो चॅप्टर ड्रॉप करेन. खरंच. पण विचारलं नाही असं नको व्हायला."

उपासनानं सांगते म्हटलं. तिला नेत्राचा राग आला नव्हता. राग यायला हवा का, याचा तिनं घरी जाताना गाडीत थोडा विचार केला, पण हायवेवर कुणीतरी ब्रेक लावला आणि विचार सुटला.

रात्रीच्या वरणभाताला तिनं मेत्ताला सांगितलं, बाबांनी आणलेली एक नळी अजून तशीच आहे. मेत्ता बारा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत यायचं.

"लाइक, स्टिल क्लोज्ड? सिन्स डॅड?"

"हो. त्यानंच बंद केलेली."

मेत्तानं भात कालवला. बराच वेळ कालवत राहिली. मग म्हणाली, "ही ब्रॉट इट सो यू गाइज वुड ओपन इट, राइट?"

उपासनानं तिला तूप वाढलं.

नळी उघडण्यात परतीची वाट नसते. हवा लागली की चिखल बदलायला लागतो. आत ताजेपणी काळेभोर पट्टे असतात, ते बघता बघता राखाडी होतात. म्हणून आधी फोटो काढायचे. मग नळी उभी चिरायची, दोन अर्धे भाग करायचे. एक अर्धा कामाचा, त्याचे चकत्यांसारखे तुकडे होतात. दुसरा हात न लावता ठेवायचा, पुढच्या कुणासाठी तरी. हे सगळं उपासनानं शेकडो नळ्यांचं केलं होतं. त्या सोमवारी तिनं केस बांधले, लॅबकोटच्या बाह्या आत खोचल्या, दोन्ही हातांत मोजे घातले आणि नळी आडवी न करता, उभीच, टेबलाच्या शिकंज्यात धरली.

चिकटपट्टी तिनं सुरीनं कापली नाही, टोक शोधून सोडवली. तीन वेढे होते. नेत्रा कॅमेरा घेऊन बाजूला. बूच निघालं तेव्हा वास आला, बंद नाल्याचा, कुजक्या अंड्याचा, नेहमीचाच.

चिखलाचा वरचा भाग हलू नये म्हणून बूच आणि चिखल यांच्या मधल्या पोकळीत फुलवाल्यांकडचा हिरवा स्पंज भरतात. इथे हिरवं काही नव्हतं. पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी पांढरं कोंबलेलं होतं, आणि प्लॅस्टिक एका बाजूनं फाटलं होतं.

निळा काठ आधी दिसला.

नेत्राला काय ते कळलं नाही. जहाजावर काहीतरी कापड सापडलं असेल ते घातलं, असं ती म्हणायला लागली आणि उपासनाचा चेहरा बघून थांबली. उपासनाच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. थांबली ती त्यामुळेच.

"स्पंज संपला असेल," उपासना म्हणाली. "मोहिमेतला शेवटचा थांबा होता. हवा बिघडलेली."

तिनं चिमट्यानं कापड हळूहळू वर घेतलं. फाटक्या बाजूनं दुपट्टा ओला होऊन चिखलाला टेकला होता. तिथून सुटताना त्यानं बारीक आवाज केला. खाली चिखलाच्या गुळगुळीत तोंडावर विणीची जाळी उमटली होती. आडवे उभे धागे, आणि एका जागी हातशिलाईचे टाके.

चूक लहान नव्हती, आणि ती करणारा कोण होता हे आठवलं तर हसू यावं अशी होती. सुती कापड म्हणजे निम्म्याजवळ कार्बनच. या चिखलात कार्बन शंभरात एक भागसुद्धा नाही. एक धागा पडला तरी मोजमाप फसतं. हेच कुशल दर वर्षी नव्या मुलांना ओरडून सांगायचा. स्वेटर घालून आलेल्या एका मुलाला त्यानं दारातून परत पाठवलं होतं. आणि तोच माणूस, घाईत, हलत्या डेकवर, पोकळी तशीच सोडली तर वरचा चिखल ढवळून जाईल म्हणून, डोक्यावरचं सोडून तिथे कोंबून आला होता. बातमी वाचवायला गेला आणि बातमीवरच कापड टाकून आला. घरी येऊन विसरला, किंवा नळी उघडताना सांगू म्हणून ठेवलं.

नेत्रा स्टुलावर बसली. वरचे दोन सेंटिमीटर गेले, असं ती हळू आवाजात म्हणाली. मग आणखी हळू, बाकीचं वापरता येईल, काही हरकत नाही.

फोटो झाले. नळी चिरली. आत काळे पट्टे होते, एकाखाली एक, आणि त्या दोघी बघत असतानाच ते फिके होत गेले. दुपट्टा स्टीलच्या ट्रेमध्ये पडून होता.

दुसऱ्या दिवशी नेत्रा परत टेबलापाशी आली. या वेळी तिला बोलायला जास्त वेळ लागला. कापडाचं वेगळं मोजमाप झालं, तर त्याचा कार्बन कसा दिसतो ते कळेल. मग वरच्या चिखलात तो कुठवर गेलाय तेही कळेल. कदाचित पहिलाच सेंटिमीटर गेला असेल. कदाचित दुसरा वाचेल.

"थोडेच धागे लागतील," ती म्हणाली. "पण ते जाळावे लागतील, ताई."

"मला माहीत आहे कसं मोजतात ते," उपासना म्हणाली.

ती दुपारभर थंड खोलीत राहिली. ट्रकसाठी नळ्या बांधायच्या होत्या, त्या बांधल्या. काही नळ्या बांधलेल्या होत्या, त्या सोडून परत बांधल्या. वर्षभर शोधलेली वस्तू दोन भिंतींपलीकडे ट्रेमध्ये होती, अख्खी, फक्त ओली. शीलाबाईंना उद्या पाठवता आली असती. एका नळीवरचा बाण तिनं बोटानं पुसून बघितला. मार्कर पक्का होता. बोटाला काही जाणवलं नाही.

संध्याकाळी नेत्रा घरी गेल्यावर तिनं ट्रे घेतला. काठ सोडला, शिलाई सोडली. मधल्या भागातून, जिथे तो कपाळावर यायचा तिथून, चार-पाच धागे चिमट्यानं ओढून घेतले आणि सुकवायला ठेवले. पाण्यानं धुतले नाहीत. सकाळी कथलाच्या पातळ पत्र्याची नखाएवढी वाटी वजनकाट्यावर ठेवली, तीत धागे घातले आणि वाटीची तोंडं दुमडून पुडी केली. घरी करंज्यांची कड ती अशीच दाबायची. पुडी कार्बन मोजायच्या यंत्राच्या चाकातल्या खाचेत ठेवली. पुढच्या खाचांत चिखलाच्या पुड्या होत्या, एकेका थराच्या.

नेत्रा म्हणाली, मी करू का सुरू.

"नको," उपासना म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.

चाक एक खाच फिरलं. पुडी भट्टीत पडल्याचा टक असा आवाज झाला. पडद्यावरची सपाट रेघ काही वेळ सपाटच राहिली. मग चढली, उंच गेली, खाली आली आणि परत सपाट झाली. शेजारी आकडा आला. बेचाळीस टक्क्यांच्या थोडा वर. सुती कापडाचा येतो तसाच. नेत्रानं तो लिहून घेतला. उपासना पडद्याकडे बघत उभी होती. तिला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. पुढची पुडी पडली, टक, आणि रेघ जराशीच उचलली.

पहिला सेंटिमीटर गेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात निळे तंतूही दिसले. दुसरा स्वच्छ निघाला. नेत्राला तेवढ्यावर आलेख काढता आला. हिमनदी जमिनीवर सरकायला लागली त्या वर्षांत चिखलातला कार्बनचा हिस्सा किंचित वाढल्यासारखा दिसत होता, पण चिखलच इतका कमी पडत होता की एकूण पुरलं जात होतं ते आधीपेक्षा कमी. तेल पातळ होत चाललं होतं. त्यानंतरच्या वर्षांचं काय, ते पहिल्या सेंटिमीटरमध्ये होतं. त्या थराची पिशवी उपासनानं 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवली, आणि ट्रक आला तेव्हा हात न लावलेल्या अर्ध्याबरोबर तीही पाठवली.

रविवारी तिनं नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"जय भीम, आई. दुपट्टा सापडला."

शीलाबाईंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "कुठी होता?"

उपासनानं सांगितलं. नळीत होता, चिखलावर, बुचाखाली. ग्रीनलंडहून असाच आला, वर्षभर तिच्याच खोलीत होता, ती रोज त्याच्यासमोरून जायची. मोजायला त्यातले चार-पाच धागे काढावे लागले, तेही सांगितलं. ते जाळले, मीच.

"माय," शीलाबाई म्हणाल्या. "कोणची वस्तू कुठी ठेवायची, या पोराले कधी समजलंच नाही." त्या हसल्या असाव्यात, किंवा तो लाइनचा आवाज असेल. "शिलाई हाय ना त्याची?"

"आहे. तिला हात नाही लावला."

"धुतला?"

"नाही. वास येतोय त्याला. चिखलाचा."

"राहू दे," शीलाबाई म्हणाल्या. "तसाच पाठव."

फोन ठेवल्यावर उपासना दुपट्टा पुडक्यात घालायला बसली. तो वाळून कडक झाला होता आणि घडीवर राखाडी पीठ सांडत होतं, बोटांना तांदळाच्या पिठीसारखं बारीक लागणारं. बाहेर अनिलकाकांचं बर्फाचं यंत्र सुरू झालं, दारापर्यंत आलं, परत गेलं. मेत्ता जिन्यावरून खाली आली, समोर बसली आणि न विचारता चिकटपट्टीचं टोक धरून ठेवलं.